एअर माइल्सवर विमानाचं तिकीट खरंच स्वस्त पडतं का? पॉइंट्सचं गणित समजून घ्या

डिसेंबर 2025 चा पहिला आठवडा आठवतोय? इंडिगोची हजारो उड्डाणं रद्द झाली, विमानतळांवर बॅगांचे ढीग लागले आणि उरलेल्या तिकिटांचे दर एवढे भडकले की 6 डिसेंबरला केंद्र सरकारने भाड्यावर कमाल मर्यादा घातली. 500 किलोमीटरपर्यंत 7,500 रुपये, 1,000 ते 1,500 किलोमीटरसाठी 15,000 रुपये. मुंबई-दिल्ली या दुसऱ्या गटात येतं. म्हणजे कर आणि विमानतळाचे शुल्क सोडून, एका बाजूच्या साध्या तिकिटाला 15,000 पर्यंत मोजायची तयारी ठेवा, असाच त्याचा अर्थ होता.

असे दर दिसले की "पैसे कशाला देता, माइल्स वापरा" म्हणणाऱ्या रील्स आठवतात. त्यात तथ्य आहे का? आहे, पण अर्धंच. उरलेलं अर्धं गणित आता बघूया.

माइल्स म्हणजे नक्की काय?

1981 मध्ये अमेरिकन एअरलाइन्सने 'अ‍ॅडव्हांटेज' नावाची योजना सुरू केली. जितके मैल उडाल तितके मैल खात्यात, पुरेसे साठले की तिकीट फुकट. पुढे जगभरच्या विमान कंपन्यांनी हीच कल्पना उचलली.

आता मात्र नावातच मैल उरलेत. एअर इंडियाने एप्रिल 2024 पासून पॉइंट देण्याची पद्धत अंतराऐवजी खर्चाला जोडली. तुम्ही किती लांब गेलात यापेक्षा तिकिटाला किती रुपये मोजलेत, हे महत्त्वाचं. त्यामुळे सेलमध्ये स्वस्त तिकीट घेणाऱ्याच्या खात्यात कमी पॉइंट पडतात आणि ऑफिसच्या पैशाने महागडं तिकीट काढणाऱ्याच्या खात्यात जास्त.

भारतात पर्याय किती?

मुख्य असे दोनच. एअर इंडियाचा 'महाराजा क्लब' आणि इंडिगोचा 'ब्लूचिप'. 2006 पासून उडणाऱ्या इंडिगोने तब्बल 18 वर्षं अशी योजना आणलीच नव्हती, ती आली 2024 मध्ये. देशांतर्गत 10 प्रवाशांपैकी जवळपास 9 जण आज या दोन गटांच्या विमानांनीच जातात.

तिसरा रस्ता फारसा कुणी सांगत नाही. एअर इंडिया 2014 पासून 'स्टार अलायन्स' या विमान कंपन्यांच्या गटात आहे. त्यामुळे युनायटेड किंवा सिंगापूर एअरलाइन्ससारख्या भागीदारांच्या माइल्सवरही एअर इंडियाची देशांतर्गत तिकिटं काढता येतात, अर्थात त्या कोट्यात सीट शिल्लक असेल तर. न्यू जर्सीतल्या मावसभावाकडे माइल्स पडून असतील, तर त्याला जरूर विचारा.

एका पॉइंटची किंमत कशी काढायची?

पहिली गोष्ट, 'फुकट' तिकीट पूर्ण फुकट नसतं. पॉइंट दिले तरी कर आणि विमानतळाचे शुल्क सहसा रोखीनेच भरावे लागतात. म्हणून हिशोब असा करा: रोखीच्या तिकिटाची एकूण किंमत, वजा पॉइंट वापरूनही भरावी लागणारी रक्कम, भागिले लागणारे पॉइंट.

समजा, एका तिकिटाला 5,000 पॉइंट आणि वर 1,300 रुपये लागतायत. (आकडे फक्त उदाहरणासाठी.)

– तेच तिकीट सेलमध्ये 4,300 ला असेल, तर 3,000 रुपये वाचले. एक पॉइंट 60 पैशांना गेला.
– एरवी 6,500 ला असेल, तर 5,200 वाचले. एक पॉइंट 1 रुपया 4 पैसे.
– दिवाळीच्या तोंडावर 11,300 ला असेल, तर 10,000 वाचले. एक पॉइंट 2 रुपये.

पॉइंट तेवढेच, पण किंमत तिपटीहून जास्त. म्हणून स्वस्त दिवशी रोख पैसे द्यावेत आणि महाग दिवशी पॉइंट वापरावेत.

यात एक मेख आहे. तिकिटाला किती पॉइंट लागतील, हे काही योजनांमध्ये ठरलेल्या तक्त्यानुसार असतं, तर काहींत भाडं वाढलं की पॉइंटही वाढतात. दुसऱ्या प्रकारात दिवाळीचा फायदा उरत नाही. आणि तक्ता ठरलेला असला, तरी गर्दीच्या दिवशी पॉइंटवरच्या सीट आधी संपतात. त्यामुळे तारीख पक्की असेल तर बुकिंग लवकर करा.

पॉइंट ही बचत नाही, उधारी आहे

खात्यात 40,000 पॉइंट दिसले की बँकेत पैसे असल्यासारखं वाटतं. पण विमान कंपनीच्या हिशोबाच्या वहीत ते ग्राहकांचं देणं असतं. म्हणजे तुम्ही कंपनीचे सावकार झालात, तेही बिनव्याजी. आणि या पॉइंटचा भाव ना रिझर्व्ह बँक ठरवते, ना डीजीसीए. तो कंपनीच ठरवते. आज 5,000 ला मिळणारं तिकीट उद्या 7,000 ला करायचं ठरलं, तर तुमच्या हातात काही नसतं.

भारतात हा धोका नुसता कागदावरचा नाही. किंगफिशर 2012 मध्ये बंद पडली आणि 'किंग क्लब'चे पॉइंट मातीमोल झाले. जेट एअरवेजचं शेवटचं विमान 17 एप्रिल 2019 ला उडालं. जेटची माइल्स योजना वेगळ्या कंपनीकडे असल्यामुळे सदस्यांचे पॉइंट वाचले, योजना पुढे 'इंटरमाइल्स' झाली, पण ज्या विमानांसाठी ते साठवले होते ती विमानंच राहिली नाहीत. 12 नोव्हेंबर 2024 ला विस्तारा एअर इंडियात विलीन झाली. पॉइंट एकास एक मिळाले, मात्र विस्ताराच्या नावाच्या क्रेडिट कार्डांवरचे फ्री तिकिटांचे फायदे टप्प्याटप्प्याने गेले.

मग यात कमावतं कोण?

कंपन्या आपले पॉइंट बँकांना विकतात आणि बँका ते कार्डधारकांना देतात. हा धंदा किती मोठा आहे? कोरोनाकाळात 2020 मध्ये विमानं जमिनीवर उभी असताना अमेरिकेच्या युनायटेडने आपली माइल्स योजनाच गहाण ठेवून 6.8 अब्ज डॉलर उभे केले होते.

बँकेला हे परवडतं, कारण कार्डाची वार्षिक फी असते, दुकानदाराकडून कमिशन मिळतं आणि बिल थकवणाऱ्यांकडून व्याज. अनेक कार्डांवर हे व्याज महिन्याला साडेतीन टक्क्यांच्या आसपास, म्हणजे वर्षाला 40 टक्क्यांच्या वर जातं. 20,000 रुपये एक महिना थकले तर साधारण 700 रुपये व्याज. तेवढ्या खर्चावर मिळालेले पॉइंट त्यात सहज धुऊन निघतात.

तर करायचं काय?

– आधी बघा, तुमच्या शहरातून कोणती कंपनी उडते. जे विमान तुमच्या विमानतळावर येतच नाही, त्याच्या पॉइंटचा उपयोग नाही.
– नेहमीच्या प्रवासाला योजनेचा सदस्य क्रमांक जोडा. सदस्य व्हायला पैसे लागत नाहीत.
– पॉइंट मिळावेत म्हणून जास्त खर्च करू नका. दुसरं तिकीट हजार रुपयांनी स्वस्त असेल तर तेच घ्या.
– क्रेडिट कार्डाचे पॉइंट अनेक कंपन्यांकडे वळवता येत असतील, तर तिकीट दिसल्यावरच वळवा. एकदा वळवले की सहसा परत येत नाहीत.
– मुदत कधी संपते आणि तिकीट रद्द केलं तर पॉइंट परत मिळतात का, हे बुकिंगआधी वाचा.

वर्षातून दोनदा विमानाने जाणाऱ्यासाठी माइल्स म्हणजे फार तर अधूनमधून एखादं तिकीट स्वस्त. तेवढं मिळत असेल तर घ्यावं. पण साठवत बसू नका. पुढच्या महागड्या सुट्टीत ते वापरून टाकणं, हाच त्यांचा सगळ्यात चांगला उपयोग.