तरंगकाठी कोण हालवितो?

आज विजयादशमी. श्रीदेव बांदेश्वराच्या बांद्यापासून अवघ्या सावंतवाडी मुलखात लुगडी नेसविलेल्या तरंगकाठ्या बाहेर निघतील, ढोलाच्या गजरात डोलतील, आणि अवसरापुढे माणसे आपली गाऱ्हाणी मांडतील. काठी धरणाऱ्या मानकऱ्यास विचारावे, तर तो म्हणेल, मी हालवीत नाही, काठीच मला नेते. त्यास लबाड ठरविणाऱ्या सुधारकांशी आमचे जमत नाही.

१८५३ साली इंग्लंडात चारचौघे मेजावर हात टेकून बसत आणि मेज फिरू लागे. भली माणसे ते मृतात्म्यांचे काम समजत. मायकेल फॅरेडे या शास्त्रज्ञाने हात व मेज यांमध्ये सरकते पुठ्ठे ठेवले. हातच मेजाला रेटीत होते, आणि मनास पत्ता नव्हता! मग त्याने तो रेटा दाखविणारा काटा बसणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर ठेवला. काटा दिसू लागला आणि मेज फिरावयाचे थांबले.

ही दुसरी गोष्ट आम्हांस अधिक मोलाची वाटते. नकळत होणारा रेटा दिसला, की हात पुन्हा आपला होतो. तरंगांचे डोलणे हा उत्सवाचा आनंद. त्याच्या वाटेस कोणी जाऊ नये. परंतु भावाभावांतील बांधाचा तंटा किंवा लेकीची सोयरीक अवसरापुढे ठेवण्याआधी, कोणते उत्तर ऐकण्यास आपण उतावीळ झालो आहो, एवढे ज्याने त्याने स्वतःस विचारावे. दुखणाइतास मात्र आधी दवाखान्यात न्यावे. गाऱ्हाणे मागाहूनही घालता येते.