सायकल आपली, उत्तरही आपलेच

परदेशात जाऊन शिकण्याचा विचार करणारी मुले-मुली आता अकोटसारख्या तालुक्याच्या गावातही दिसू लागली आहेत, ही आनंदाची बाब आहे. अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी राज्य शासनाची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आहे. परंतु शिष्यवृत्तीच्या आधी विद्यापीठाचा प्रवेश हवा, आणि प्रवेशासाठी बहुतेक विद्यापीठे इंग्रजीच्या परीक्षेचे गुण मागतात. आपल्याकडे त्यातली सर्वांत माहितीची परीक्षा म्हणजे आयईएलटीएस. तिची फी सतरा-अठरा हजारांच्या घरात आहे आणि गुण फक्त 2 वर्षे चालतात. मजुरी करणाऱ्या घराला ही फी वारंवार भरता येत नाही. म्हणून तिच्यातल्या बोलण्याच्या भागाविषयी आज लिहीत आहोत.

हा भाग 11 ते 14 मिनिटांचा असतो. पहिल्या 4-5 मिनिटांत घर, गाव, आवडीनिवडी अशा साध्या गोष्टींवर प्रश्न येतात. नंतर एक कार्ड मिळते. विचार करायला 1 मिनिट असते आणि मग त्या विषयावर 1 ते 2 मिनिटे एकट्याने बोलायचे असते. शेवटी 4-5 मिनिटे त्याच विषयावर जरा खोलात चर्चा होते. गुण चार गोष्टींना सारखे मिळतात: न अडखळता सुसंगत बोलणे, शब्दांचा साठा, व्याकरण आणि उच्चार. उच्चार साहेबासारखा हवा असे नाही, समजेल असा हवा.

प्रश्नांत सायकलीसारखे रोजचे विषय असतात. लहानपणी सायकल होती का? तुमच्या गावात लोक सायकल चालवतात का? प्रश्न सोपे वाटतात, पण आपली मुले इथेच अडकतात. आमच्या ओळखीच्या एका मुलीने क्लासच्या नोट्समधून उत्तर पाठ केले होते. वाढदिवसाला बाबांनी लाल सायकल दिली, आम्ही तलावाकाठी फिरायला जातो, असे काहीसे. तिच्या घरी वडिलांची एकच जुनी सायकल, तीही कामावर जायची. आम्ही विचारले, "बेटा, हेच का नाही सांगत?" ती म्हणाली, "काका, आपलं खरं इंग्रजीत सांगाले बरं नाही वाटत."

इथे खरी अडचण आहे. ती इंग्रजीची कमी आणि संकोचाची जास्त आहे. परीक्षक गरिबीला गुण कमी करत नाही आणि लाल सायकलीला जास्त देत नाही. सायकल कोणाची होती हे तो तपासत नाही, भाषा तपासतो. उलट पाठ केलेले उत्तर त्याला चटकन ओळखू येते. तो पुढचा प्रश्न वेगळा विचारतो, आणि पाठांतर तिथेच संपते. खरी गोष्ट मात्र संपत नाही, कारण ती आपण जगलेली असते.

त्या मुलीचे नवे उत्तर असे झाले: "माय फादर हॅड ओन्ली वन बायसिकल, अँड ही नीडेड इट फॉर वर्क. सो आय लर्न्ट ऑन संडेज. द सीट वॉज टू हाय, सो आय पुट वन लेग थ्रू द फ्रेम." म्हणजे, वडिलांची एकच सायकल, ती कामाला लागायची, म्हणून रविवारी शिकले. सीट उंच, म्हणून नळीखालून पाय घातला. वाक्ये साधी आहेत. पण 'सो' आणि 'अँड' यांनी ती जोडली गेली आहेत आणि भूतकाळ बरोबर आहे. अशा वाक्यांनाच गुण मिळतात.

शब्दांची भीतीही अनाठायी आहे. ज्याने सायकल दुकानात पंक्चर काढले आहे, त्याला ब्रेक, पायडल, चेन, टायर, ट्यूब, रिम, स्पोक, फ्रीव्हील हे शब्द येतातच, आणि ते इंग्रजीच आहेत. मात्र काही ठिकाणी सावध राहावे. आपल्याकडे 'बाईक' म्हणजे मोटारसायकल, पण तिकडे 'बाईक' म्हणजे बहुधा साधी सायकल. सायकल 'ड्राइव्ह' करत नाहीत, 'राइड' करतात. हवा भरणे म्हणजे 'पंप अप द टायर्स', सायकलवरून पडणे म्हणजे 'फॉल ऑफ'. आणखी एक: सामान ठेवायचे ते 'कॅरिअर', त्यात जोर पहिल्या अक्षरावर. नोकरी-व्यवसायाचे ते 'करीअर', त्यात जोर शेवटी. आपण दोन्ही सारखेच बोलतो.

शेवटच्या चर्चेत सायकलचा समाजाला काय उपयोग, असे विचारतात. इथे आपल्या मुलांजवळ सांगण्यासारखे पुष्कळ आहे. बिहारमध्ये 2006 साली नववीच्या मुलींना सायकलसाठी पैसे देणे सुरू झाले. अभ्यासकांना आढळले की माध्यमिक शाळेत नाव घालणाऱ्या मुलींचे प्रमाण त्यामुळे सुमारे 30 टक्क्यांनी वाढले. आपल्या राज्यातही मानव विकास कार्यक्रमातून 125 तालुक्यांत आठवी ते बारावीच्या गरजू मुलींसाठी सायकलची योजना झाली. नेदरलँड्समध्ये लोकसंख्येपेक्षा सायकली जास्त आहेत, तिथे सायकल ही गरिबीची खूण नाही. एवढ्या तीन गोष्टी स्वतःच्या शब्दांत सांगता आल्या तरी चर्चा उभी राहते.

आता घरच्यांसाठी. आईला इंग्रजी येत नाही म्हणून तिने दूर बसू नये. रोज रात्री जेवण झाल्यावर घड्याळ समोर ठेवावे आणि मुलाला 2 मिनिटे इंग्रजीत बोलू द्यावे. तो थांबला की मराठीतच विचारावे, "मग काय झालं? कोण होतं सोबत?" त्याने उत्तर इंग्रजीत द्यावे. मोबाईलवर आवाज रेकॉर्ड करून दुसऱ्या दिवशी ऐकावा. चुका लिहून काढाव्यात, पण बोलणे मध्येच तोडू नये. एकाच विषयावर रोज निराळी आठवण सांगावी, म्हणजे पाठांतर होणार नाही.

सायकल झाली की याच पद्धतीने कापसाचा बाजार, नरनाळा किल्ला, शेजारी, आवडते जेवण हे विषय घ्यावेत. दोन-तीन घरची मुले एकत्र बसली तर एकाने परीक्षक व्हावे. त्याला पैसे लागत नाहीत. आणि फी भरण्याची घाई करू नये. कोणत्याही नव्या प्रश्नावर 2 मिनिटे न थांबता बोलता येऊ लागले, की मगच फॉर्म भरावा.