तोंडी शब्द आणि घराची डागडुजी

‘घर पहावे बांधून’ असे आपण म्हणतो. परंतु नवे घर निदान नकाशावर तरी असते; जुन्या घराची दुरुस्ती बहुधा तोंडी शब्दावरच चालते. आमच्या परिचयाच्या एका शिक्षकांनी भविष्य निर्वाह निधीतून रक्कम काढून स्वयंपाकघराचे काम काढले. गिलावा फोडताच आतली ओल दिसली, काम वाढले आणि ‘हे ठरल्यात धरले होते काय?’ या एका प्रश्नावर ते दोन महिने अडून राहिले.

यात कंत्राटदार लबाड व मालक भोळा, असे मानण्याचे कारण नाही. भिंतीच्या आत काय आहे, हे प्रारंभी दोघांनाही ठाऊक नसते. सिमेंटचे प्रमाण मात्र एकालाच ठाऊक असते. पहिली अडचण अपूर्ण कराराची, दुसरी विषम माहितीची. शिवाय उचल देईपर्यंत मालकाचे पारडे जड असते, भिंत फोडल्यावर कंत्राटदाराचे आणि शेवटचा हप्ता उरला की पुन्हा मालकाचे. कलह उद्भवतो तो या हेलकाव्यांतून.

१८७२ च्या करार कायद्यानुसार तोंडी करारही वैध ठरू शकतो. पण तो सिद्ध कसा करणार? म्हणून एक कागद हवाच. दर मालासह की केवळ मजुरीचा, गिलाव्याच्या मापातून दारे-खिडक्या वजा होणार की नाही, फरशी कोणत्या प्रतीची, हे त्यात स्पष्ट असावे. जादा काम निघाल्यास त्याचा दर आधी ठरवून त्याच दिवशी दोघांनी सही करावी. पैसे तारखेवर नव्हे, तर पूर्ण झालेल्या टप्प्यावर द्यावेत आणि अल्प रक्कम पहिल्या पावसापर्यंत राखून ठेवावी.

मात्र बंधन एकतर्फी नको. रोज मत बदलणाऱ्या मालकाने त्याचा खर्च सोसला पाहिजे. त्याने अडवलेल्या हप्त्याची झळ कंत्राटदाराआधी आठवड्याच्या मजुरीवर जगणाऱ्या गवंड्याला व बिगाऱ्याला पोहोचते, याचे भान आपणा पगारदारांना क्वचितच असते.

घरबांधणी ही ग्राहक कायद्याच्या कक्षेतील सेवा आहे, हे १९९३ मध्येच स्पष्ट झाले. आज २०१९ च्या कायद्यान्वये दोन वर्षांच्या आत जिल्हा आयोगाकडे दाद मागता येते. परंतु निकालाने गळते छप्पर बुजत नाही. आरंभी लिहून घेणे हा अविश्वास नव्हे. विश्वास टिकावा म्हणून केलेली ती तजवीज आहे.