मोबाईल हिसकून घेता, मग पोट्ट्यांना देता काय?

रात्रीचे पावणेअकरा. बातमी पाठवली, मोबाईल ठेवला, तर बाजूच्या खोलीत उजेड. सहावीतला पोरगा आईचा मोबाईल घेऊन पांघरुणात. मी ओरडलो. तो शांतपणे म्हणाला, "बाबा, मग तुम्ही काहून जागे?"

उत्तर नव्हतं माझ्याकडे. सकाळी पावणेसहाला उठवलं, तर ब्रश हातात धरून बसल्या बसल्या झोपला होता.

हे माझ्या घरचं. तुमच्या घरी असं होत नाही, हे छातीवर हात ठेवून सांगा राजेहो.

लेकरांचा विषय निघाला की आपलं एकच रडगाणं असते : मोबाईलनं वाटोळं केलं. खोटं नाही ते. पण मोबाईल शिरला कुठं? जिथं जागा रिकामी होती तिथं. संध्याकाळचा खेळ आपण बंद केला, रात्रीची झोप आपण तोडली आणि आता मोबाईलच्या नावानं बोटं मोडतो.

जरा हिशेब करा. सहा ते बारा वयाच्या मुलाला ९ ते १२ तास झोप लागते. शाळा सातची, व्हॅन साडेसहाची, म्हणजे उठणं पावणेसहाला. नऊ तास भरायचे तर पोरगं पावणेनऊला झोपलं पाहिजे. सावंगीत कोणाच्या घरी पावणेनऊला दिवे बंद होतात? बाप दुकान बंद करून नऊला येतो, जेवण साडेनऊला, टीव्हीवर सिरियल चालूच. आणि शाळेच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर होमवर्क टपकतो तोही त्याच वेळेला! मोबाईल पाहू नको म्हणायचं आणि अभ्यास मोबाईलवरच पाठवायचा, हा कुठला न्याय?

झोप म्हणजे आळस नव्हे. दिवसभर शिकलेलं मेंदू झोपेत पक्कं करतो. वाढीचं हार्मोन गाढ झोपेत जास्त सुटते. अपुऱ्या झोपेचं पोरगं चिडते, रडते, वर्गात पेंगते. आपण म्हणतो, 'अभ्यासात लक्ष नाही', आणि अजून एक ट्यूशन लावतो. गावात विनोबांच्या नावाचं एवढं मोठं हॉस्पिटल आहे, गल्लोगल्ली भावी डॉक्टर भाड्यानं राहतात. पण लेकराच्या बुडालेल्या झोपेची भरपाई कोणत्याच मेडिकलमध्ये मिळत नाही.

सरकारनं काहीच केलं नाही असंही नाही. तेव्हाचे राज्यपाल रमेश बैस यांनी मुलांच्या झोपेचा मुद्दा काढला आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये आदेश निघाला : पूर्वप्राथमिक ते चौथीपर्यंतच्या शाळा सकाळी नऊच्या आधी भरवू नका. आदेश चांगला. पण पाचवीत गेलं की लेकराची झोप कमी होते का? आणि सकाळचे दोन तास वाढवून मिळाले म्हणून आपण रात्री दोन तास उशिरा झोपवलं, तर सरकार काय करणार?

आता खेळाचं. जागतिक आरोग्य संघटना सांगते, ५ ते १७ वयाच्या मुलांना रोज सरासरी ६० मिनिटं तरी दम लागेल अशी हालचाल पाहिजे. पुण्या-मुंबईवाल्यांना हे सोपं असेल. आपल्या वर्ध्यात मार्च लागला की दुपारी कावळाही बाहेर पडत नाही. चार महिने खेळायला खरी वेळ दोनच, पहाट आणि संध्याकाळी साडेपाच ते साडेसात. पहाट शाळेनं घेतली. संध्याकाळी ट्यूशनची बॅच कितीची असते? साडेपाचची! म्हणजे विदर्भाच्या उन्हानं जो दीड-दोन तास सोडला, तो आपण फी भरून विकत दिला.

आमच्या वेळी गिल्ली-दांडू, कंचे, कबड्डी, गुडघे फुटेपर्यंत. आठवणी काढून रडायचं नाही मला. मैदान कुठं गेलं ते विचारायचं आहे. हॉस्पिटल-कॉलेज आलं, प्लॉट पडले, वस्ती वाढली, चांगलंच झालं. पण लेआउट पाडताना खुली जागा सोडावी लागते, ती तुमच्या-माझ्यासाठी असते. तुमच्या लेआउटची ओपन स्पेस आज जाऊन पाहा. कुठं रेती-गिट्टीचा ढीग, कुठं कोणाच्या गाड्या, कुठं काँग्रेस गवत कमरेएवढं. दोष एकट्या कोणाचा म्हणत नाही मी. आपण सगळे बाजूनं गेलो आणि गप्प बसलो.

शाळेला मैदान पाहिजे हे २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यात लिहिलं आहे. पण मैदान असून उपयोग काय, पीटीचा तास गणिताला देऊन टाकला तर? ज्या विदर्भातलं अमरावतीचं हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९३६ मध्ये बर्लिनला कबड्डी दाखवून आलं, तिथली पोरं आता कबड्डी टीव्हीवर पाहतात.

आणि पोरींचं तर विचारूच नका. मैदान असलं तरी पोरांचं क्रिकेट. सहावी-सातवीत गेली की, "आता मोठी झाली, घरात बस." मग घरात बसून ती काय करणार? मोबाईलच पाहणार ना!

उपाय आहेत. २०२२ च्या नोव्हेंबरमध्ये शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात, पुसद तालुक्यातल्या बांशी गावानं अठरा वर्षांखालच्या मुलांना मोबाईल बंदीचा ठराव केला. हिंमत लागते त्याला. पण मला सांगली जिल्ह्यातलं मोहित्यांचे वडगाव जास्त पटते. त्याच वर्षी १५ ऑगस्टपासून तिथं संध्याकाळी सातला भोंगा वाजतो आणि दीड तास टीव्ही-मोबाईल बंद. पोरांचेच नाही, मोठ्यांचेही. फरक तिथं आहे. बापाच्या हातात मोबाईल असताना पोराच्या हातचा सुटत नसते.

येत्या २ ऑक्टोबरला ग्रामसभा आहे. गांधीजयंतीचे हार घालून घरी येऊ नका. सेवाग्राम इथून किती दूर? १९३७ मध्ये याच वर्ध्यातल्या शिक्षण परिषदेत नई तालीमची मांडणी झाली. पोरगं नुसतं पुस्तकानं नाही, हातापायानंही शिकते, हे तेव्हा सांगून झालं. त्यांच्या नावानं एवढं तरी मागू :

१. गावातल्या प्रत्येक ओपन स्पेसची यादी ग्रामसभेत वाचा. जागा मोकळी करा, पाटी लावा, दोन लाईट लावा.

२. शाळांनी मैदानं संध्याकाळी उघडी ठेवावीत. पीटीचा तास पीटीलाच. संध्याकाळी सातनंतर होमवर्कचा मेसेज बंद.

३. मैदानावर आठवड्यातले काही दिवस फक्त पोरींसाठी.

४. ट्यूशनवाल्या सरांनो, साडेपाच ते साडेसात सोडा. तुमचीच पोरं ताजी होऊन येतील.

५. रात्री नऊला घरातले सगळे मोबाईल स्वयंपाकघरातल्या फळीवर. तुमचाही.

पाचवं कालपासून आमच्या घरी सुरू झालं. बातमीचा फोन आला तर उठून स्वयंपाकघरात जातो. पोरगा जागा राहून पाहत होता, बाबा खरंच ठेवते का म्हणून. साडेनऊला झोपला. पावणेनऊ अजून दूर आहे, पण सुरुवात तर झाली.

तुमच्या लेआउटच्या ओपन स्पेसचा आजचा फोटो खाली कमेंटमध्ये टाका. ग्रामसभेत आपण तेच घेऊन जाऊ.