करिअरची नवी वाट : वणव्यात तग धरणारं घर

आर्किटेक्चर किंवा सिव्हिल झाल्यावर पुढे काय? इंटिरियर, अर्बन प्लॅनिंग, कन्स्ट्रक्शन मॅनेजमेंट ही नेहमीची उत्तरं. आज या सदरात जरा वेगळी वाट पाहूया. ऑस्ट्रेलियात वणव्याला 'बुशफायर' म्हणतात आणि वणव्याच्या पट्ट्यात घरं कशी बांधायची, हा तिथे पदव्युत्तर शिक्षणाचा विषय आहे. सिडनीची वेस्टर्न सिडनी युनिव्हर्सिटी यासाठी ओळखली जाते.

यासाठी वेगळा अभ्यास कशाला?

७ फेब्रुवारी २००९ हा दिवस ऑस्ट्रेलियात 'ब्लॅक सॅटर्डे' म्हणून लक्षात आहे. त्या दिवशी व्हिक्टोरिया राज्यातल्या वणव्यांत १७३ जणांचा जीव गेला आणि दोन हजारांहून जास्त घरं जळाली. मृतांपैकी ११३ जण घरांच्या आत होते. म्हणजे ज्या भिंतींचा आधार वाटला, त्याच वाचवू शकल्या नाहीत.

बहुतेक घरं ज्वाळांच्या भिंतीमुळे जळत नाहीत, तर वाऱ्याबरोबर उडणाऱ्या ठिणग्यांमुळे जळतात. वणवा येण्याआधी, येताना आणि पुढे गेल्यावरही कितीतरी वेळ या ठिणग्या पडत राहतात. कौलांखालची फट, पन्हळीत साचलेला पालापाचोळा, लाकडी डेकखालची जागा, एवढंही त्यांना पुरतं.

नेमकं काय शिकवतात?

या अभ्यासाचा कणा म्हणजे 'एएस ३९५९' हे बांधकामाचं मानक. जागेजवळ कुठली झाडी आहे, ती किती अंतरावर आहे आणि जमिनीला उतार किती, यावरून त्या जागेचा धोका ठरतो. त्याला 'बाल' म्हणजे बुशफायर अटॅक लेव्हल म्हणतात. तिच्या पायऱ्या सहा : लो, १२.५, १९, २९, ४० आणि फ्लेम झोन. हे आकडे म्हणजे दर चौरस मीटरवर येणारी किलोवॅटमधली उष्णता. फ्लेम झोनमध्ये ज्वाळा थेट घराला भिडू शकतात.

उताराचं गणित तर डोळे उघडणारं आहे. चढ दर १० अंशांनी वाढला की वर चढणाऱ्या आगीचा वेग साधारण दुप्पट होतो. म्हणून टेकडीच्या माथ्यावरचं, सुंदर नजारा असलेलं घर जास्त धोक्याचं ठरू शकतं.

मग येतात बारकावे. हवेच्या झरोक्यांना धातूची जाळी हवी आणि तिची छिद्रं २ मिलिमीटरपेक्षा मोठी नकोत. काच कुठली, दाराखालची फट किती, पाण्याची टाकी कुठे, बंबाची गाडी आत येईल का, सगळं पाहावं लागतं.

काम कुठे मिळतं?

आर्किटेक्ट, इंजिनीअर, नगररचनाकार यांच्यासाठी हे जोडशिक्षण आहे. नगरपालिका, अग्निशमन यंत्रणा आणि खासगी सल्लागार कंपन्यांत अशा माणसांची गरज असते. एफपीए ऑस्ट्रेलिया ही संस्था सल्लागारांना 'बीपॅड' नावाची मान्यता देते. तिचे तीन स्तर आहेत.

पैसे भरण्याआधी हे तपासा

* कोर्स यंदा सुरू आहे का? अशा छोट्या कोर्सची नावं आणि स्वरूप बदलत असतात.
* तो 'क्रिकॉस' यादीत आहे का? नसेल तर त्यावर स्टुडंट व्हिसा मिळत नाही. पूर्ण ऑनलाइन कोर्सवरही मिळत नाही.
* नियम ऑस्ट्रेलियाचे आहेत. भारतात परतायचं असेल, तर इथे या कामाला कोण पैसे देईल, हे आई-बाबांसोबत बसून आधीच बोला.

या कामातली सर्वात अवघड गोष्ट

सगळे नियम पाळले तरी घर वाचेलच, अशी हमी हे मानक देत नाही. ते फक्त शक्यता वाढवतं. सर्वात भयंकर धोक्याच्या दिवशी तर चांगलं बांधलेलं घरही सोडून वेळेत निघा, असंच अग्निशमन दल सांगतं. त्यामुळे आयुष्याची कमाई घरात घालणाऱ्या माणसाला 'इथे बांधू नका' किंवा 'घर मजबूत आहे, तरीही त्या दिवशी थांबू नका' हे स्पष्ट सांगावं लागतं. नकाशा काढण्याइतकंच हे बोलणंही तुम्हाला जमणार असेल, तर या वाटेचा जरूर विचार करा.