गाडीतला गोंगाट कमी करताना

कोऱ्हाळे बुद्रुक हे नीरा-बारामती रस्त्यावरचे गाव. ऊस तोडणीच्या हंगामात ट्रॅक्टर-ट्रॉल्यांची रांग लागते. रस्त्यावर खडी सांडते, खड्डे पडतात. अशा रस्त्यावर जुन्या गाडीत मागे बसलेल्या दादा-दादींना पुढचे बोलणे ऐकू येत नाही. कानाला यंत्र असेल तर ते बोलण्यासोबत टायरची घरघरही वाढवते. मग वडीलधारी माणसे गप्प बसतात आणि आपल्याला वाटते, त्यांना झोप लागली. सूरह लुकमानमध्ये लुकमान आपल्या मुलाला आवाज खाली ठेवण्याची नसीहत करतात. गाडीत मात्र गोंगाटामुळेच सगळ्यांना ओरडावे लागते. म्हणून हा खर्च चैनीचा नाही. पण तो डोळसपणे करावा, नाहीतर इसराफ होईल.

आधी आवाज कुठून येतो ते शोधा. एकाने गाडी चालवावी, दुसऱ्याने मागे बसून कान द्यावा. वेग साधारण ताशी 50 किलोमीटरच्या पुढे गेला की इंजिनपेक्षा टायरचा आवाज वरचढ होतो. टायर वेडेवाकडे झिजले असतील तर घरघर वाढते. हवा दरवाजाजवळच्या स्टिकरवर लिहिली आहे तेवढीच ठेवा. वेगाबरोबर वाढणारी आणि वळणावर बदलणारी हूंऽ असेल तर चाकाचे बेअरिंग दाखवून घ्या. तो दोष शीट लावून झाकू नये.

मग दरवाज्याचे रबर तपासा. कागदाची पट्टी दरवाज्यात धरून दार लावा आणि ओढा. सहज निघाली तर रबर सैल आहे. ते बदलणे सर्वांत स्वस्त काम.

यानंतर शीटचे काम. त्यात तीन थर असतात आणि प्रत्येकाचे काम वेगळे. ॲल्युमिनियमचा पापुद्रा असलेली ब्युटाइल रबराची शीट पत्र्याची थरथर दाबते. ती सगळीकडे लावायची गरज नाही. मोठ्या सपाट भागाचा पाव ते तिसरा हिस्सा झाकला तरी बराच फरक पडतो. तिच्यावर बंद पेशींचा फोम. साधा स्पंज नको, तो पाणी धरतो आणि पत्रा गंजतो. शेवटी जमिनीवर जड व्हिनाइलची चटई. हवेतून येणारा आवाज अडवते ती वजनाने. छपराचा डांबरी कागद स्वस्त असतो, पण उन्हात वास सोडतो आणि सुटूनही येतो. अंड्याचे ट्रे आणि थर्माकोल यांचा उपयोग नाही.

सुरुवात मागच्या चाकांच्या कमानी आणि डिकीपासून करा, मग दरवाजे, मग जमीन. पत्रा थिनरने पुसून कोरडा करा, शीट रोलरने घट्ट दाबा. तीन गोष्टी मात्र पाळा. दरवाज्याच्या तळाची पाणी जाण्याची भोके बुजवू नका. सीटखालच्या पिवळ्या वायरी एअरबॅगच्या असतात, त्यांना हात लावू नका. सीएनजी गाडीत टाकीचा वायू बाहेर नेणारी नळी झाकू नका.

अपेक्षा माफक ठेवा. आवाज 3 डेसिबलने घटला तर ध्वनीची ऊर्जा निम्मी होते, पण कानाला फरक थोडाच जाणवतो. निम्मा वाटायला सुमारे 10 डेसिबल घट लागते. म्हणून प्रत्येक टप्प्यानंतर त्याच रस्त्यावर, त्याच वेगाने, काचा लावून मोबाइलवर मोजा. मोबाइलचा आकडा अचूक नसला तरी आधी-नंतरचा फरक कळतो. फरक पडत नसेल तिथे थांबा, उरलेले पैसे वाचवा.

आणि खरी परीक्षा सोपी आहे. पुढच्या सीटवरून साध्या आवाजात विचारा, "दादी, पाणी देऊ का?" मागून उत्तर आले, तर काम झाले.