टीडीएस नको, हार्डनेस सांगा

शाळेत "दुष्फेन पाणी" हा शब्द आपण सगळ्यांनीच पाठ केलाय. साबणाचा फेस होत नाही ते दुष्फेन, होतो ते सुफेन. दोन मार्क, विषय संपला. पुण्याच्या पूर्वेला फ्लॅट घेतला की तो शब्द परत भेटतो, फक्त आता त्याला "जड पाणी" म्हणतात आणि मार्कांऐवजी पैसे जातात. गीझरची कॉइल, सोलरचे पाइप, नळाच्या जाळ्या, काचेवरचे पांढरे डाग... यादी तुम्हाला माहीत आहेच.

पेठांत आणि कोथरूडात राहणाऱ्या मित्रांना हे खरं वाटत नाही. बरोबरच आहे. त्यांच्या नळाला खडकवासला साखळीतलं पाणी, म्हणजे सह्याद्रीवर पडून धरणात साठलेला पाऊस. त्यात क्षार मिसळायला फारशी संधीच मिळत नाही. वाघोलीसारखी २३ गावं २०२१ साली महापालिकेत आली, पण गाव हद्दीत आलं म्हणून धरणाचं पाणी लगेच फ्लॅटच्या नळात येत नाही. तोवर बोअर आणि टँकर. हे पाणी काळ्या दगडाच्या भेगांत मुरलेलं, कॅल्शियम-मॅग्नेशियम पोटात घेऊन वर येतं. आमच्या आईने पहिल्याच आठवड्यात निदान केलं होतं, "पाणी जड आहे, तुरीची डाळ शिजत नाही." प्रयोगशाळेने नंतर तेच आकड्यात सांगितलं: हार्डनेस ४२०, म्हणजे लिटरमागे ४२० मिलिग्रॅम. पिण्याच्या पाण्याचं भारतीय मानक २०० पर्यंत ठीक म्हणतं, आणि दुसरा स्रोतच नसेल तर ६०० पर्यंत चालवून घ्या म्हणतं.

आता आमच्या धंद्यातली सवय म्हणून थोडं गणित. माणशी रोज १३५ लिटर हे सरकारी प्रमाण धरलं तर चौघांच्या घरात ५४० लिटर. म्हणजे रोज सव्वादोनशे ग्रॅम खडू, महिन्याला पावणेसात किलोच्या आसपास! यातला बहुतेक गटारात जातो. बसतो कुठे, तर जिथे पाणी तापतं तिथे. विरघळलेलं कॅल्शियम बायकार्बोनेट उष्णतेने फुटतं आणि खडू होऊन कॉइलला चिकटतं. मग त्या थरातून उष्णता पाण्यात नीट जात नाही, कॉइल आतल्या आत जास्त तापते आणि एक दिवस जाते. गार पाण्यावर चालणाऱ्या वॉशिंग मशीनला म्हणूनच एवढा त्रास नसतो, पावडर मात्र जास्त लागते. गीझरचा काटा ७५ वरून ६० च्या आत आणला तर थर बराच कमी बसतो. हा उपाय फुकट आहे, म्हणून तो कोणी विकत नाही.

विकतात काय? शॉवरला लावायचा फिल्टर. केस गळणं थांबेल म्हणे. त्या डबीत जेमतेम पाव लिटर रेझिन मावतं. एक लिटर रेझिन साधारण ५० ग्रॅम हार्डनेस धरून ठेवतं, म्हणजे पाव लिटर बारा-साडेबारा ग्रॅम. ४२० च्या पाण्यात एवढं जमायला ३० लिटर पुरे. दीड बादली! पहिल्या माणसाची आंघोळ झाली की डबीचं काम संपलं, आणि पाकिटावर मात्र "तीन महिने" छापलेलं.

पण माझा खरा राग त्या टीडीएसच्या पेनवर आहे. ते पेन पाण्याची विद्युतवाहकता मोजतं. क्षार कोणते आहेत, हे त्याला कळत नाही. मिठाचं पाणी आणि चुनखडीचं पाणी दोन्ही ६०० दाखवू शकतात, पण गीझर दुसऱ्याने मरतो. आणखी गंमत म्हणजे सॉफ्टनर कॅल्शियम काढून त्याच्या जागी सोडियम सोडतो, त्यामुळे टीडीएस जवळपास तेवढाच राहतो. आमच्या शेजारच्या सोसायटीत सॉफ्टनर बसवला, कोणीतरी पेन बुडवलं, आकडा हलला नाही, आणि "फसवलं" म्हणून ग्रुपवर महिनाभर भांडण. चुकीचा मेट्रिक डॅशबोर्डवर लावला की हेच होतं, मग ते सॉफ्टवेअर असो की पाणी.

"ज्याने त्याने आपापल्या घरात बघावं," असं आमच्या कमिटीतले एक काका म्हणतात. म्हणजे १२० फ्लॅटमध्ये १२० डब्या, आणि भाडेकरूने तर बघायचंही नाही, कॉइल बदलून द्यायची. हे मला मान्य नाही. पण सगळंच पाणी सॉफ्ट करा, असंही मी म्हणणार नाही. आमच्या सोसायटीचा रोजचा हार्डनेस २७ किलो भरतो. तो काढायला रोज पन्नास-साठ किलो मीठ लागेल. ते मीठ जाणार एसटीपीत आणि तिथून झाडांना. दोन वर्षांत बाग आटोपेल.

म्हणून फक्त गच्चीवरच्या सोलरला जाणारं पाणी सॉफ्ट करावं. तापणाऱ्या पाण्यातला मोठा भाग तिथूनच जातो, आणि एकूण वापराच्या मानाने तो थोडा आहे. मीठही त्याच प्रमाणात कमी लागेल. उरलेल्या घरच्या गीझरला आणि वॉशिंग मशीनला अधूनमधून लिंबूसत्त्व.

आणि टँकर आला की हार्डनेस मोजायचा. किट काही शे रुपयांत मिळतं: पाणी घ्यायचं, गोळी टाकायची, लाल रंग निळा होईपर्यंत थेंब मोजायचे. वॉचमनलाही जमेल. टँकर नंबर, तारीख, आकडा, सगळं नोटीस बोर्डावर. पुढच्या सभेत एवढाच ठराव मांडतोय. काकांनी आत्ताच विचारलंय की त्यापेक्षा टीडीएसचं पेन स्वस्त नाही का पडणार.